नीलगिरीची दातेरी वाट

दसरा उलटला की पावसाळा सरला, असा आपला हिशेब. म्हणून उटीची सहल दिवाळीच्या सुटीत योजण्याचा मोह होतो. पण नीलगिरीवर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो आणि दरडींमुळे आगगाडीचा मार्ग पुष्कळदा बंद पडतो. आम्ही आमचा बेत एप्रिलवर नेला.

मेट्टुपाळयम ते उटी हे अंतर अवघे ४६ किलोमीटर. चढण्यास मात्र सुमारे पाच तास लागतात. १८९९ साली कुन्नूरला आणि १९०८ साली उटीला पोहोचलेला हा मार्ग कल्लारपुढे साडेबारा फुटांस एक फूट चढतो. तेथे इंजिनाचे दंतचक्र रुळांमधील दातेरी पट्टीत गुंतते आणि इंजिन मागून डबे ढकलते. ही किमया चढतानाच निरखावी. आरक्षण आधी करावे. घाई असणाऱ्यांस मोटाररस्ता आहेच.