एक उणे

मी मराठीची प्राध्यापिका आणि माझे वडील इंग्रजीचे मास्तर. त्यामुळे आमच्या घरात शब्दांवरून जितकी भांडणे झाली, तितकी पैशावरून कधी झाली नाहीत. भांडण्याइतका पैसाच नव्हता, हेही एक कारण असेल!

अण्णांनी ३४ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. अर्थ सांगण्यासाठी त्यांनी कोश उघडल्याचे मला आठवत नाही. कोश उघडायचा तो विद्यार्थ्याने, आणि तोही अण्णांचेच बरोबर होते एवढी खात्री करून घेण्यासाठी. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

परवा माझी नववीतली मुलगी धडा वाचता वाचता म्हणाली, "आजोबा, 'वेन' म्हणजे काय हो?"

"ओठांचा चंबू करून म्हण. दात टेकलेस तर 'व्हेन' होईल, म्हणजे रक्तवाहिनी!" अण्णांनी सवयीने सुरुवात तर झोकात केली. "हं, तर वेन म्हणजे..." आणि ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चंद्राचे काहीतरी आहे बघ ते..."

मला राहवेना. "कमी होत जाणे," मी सांगून मोकळी झाले. अण्णा काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मास्तरांना उत्तर सुचवायचे नसते, हे मला कळायला हवे होते.

रात्री सगळे निजल्यावर मी कोश काढून बसले. वद्य पक्षात चंद्राचे जे होते ते 'वेन'; शुद्ध पक्षात होते ते 'वॅक्स'. सत्ता, उत्साह, लोकप्रियता, स्मरणशक्ती यांनाही इंग्रज हेच क्रियापद लावतो. आपण मराठी माणसे मात्र प्रत्येकाला निराळे क्रियापद देतो. पूर ओसरतो, ताप उतरतो, विहीर आटते, दिवस कलतो, चंदन झिजते आणि माणूस खंगतो. एक गोष्ट मात्र मला बरी वाटली. हे क्रियापद अकर्मक आहे. कोणी कोणाला 'वेन' करीत नाही. ते आपोआप होते. दोष द्यायला कर्ताच नाही!

सुतारकामातही हा शब्द आहे. गोल ओंडक्यातून फळी कापताना कडेला कधी लाकूड कमी पडते आणि सालीचा गोलवा तसाच राहतो. त्या उण्या कडेलाही 'वेन' म्हणतात. कड भरत नाही, बाकी फळी शाबूत असते.

आणि मग सापडली ती व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीतला 'वानियन' म्हणजे घटणे, आणि त्याच कुळातला संस्कृत शब्द 'ऊन', म्हणजे कमी. (उन्हाळ्यातले ऊन नव्हे; ते 'उष्ण'पासून आलेले.) आपले 'उणे' आणि 'उणीव' त्यातलेच. एकोणीसही त्यातलेच: एक उणे वीस!

सकाळी चहाच्या वेळी मी अण्णांना हे सांगितले. त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे इंग्रजांचा 'वेन' आणि आपले एकोणीस हे चुलत भाऊ की काय?"

"अगदी लांबचे, पण भाऊच."

"मग चिंता कसली? मी विसाचा एकोणीस झालोय, इतकेच!" आणि ते मोठ्याने हसले. मीही हसले. पण एकोणिसाच्या खाली अठरा असतात, हे काय मला ठाऊक नव्हते? त्यांनाही ठाऊक होते.

लक्ष्मीपूजन येते ते आश्विन अमावास्येला. चंद्र पुरता सरलेला असतो, त्याच रात्री आपण पणत्या लावतो. भाऊबिजेला चंद्राची कोर पुन्हा येते. माणसाला असा शुद्ध पक्ष मिळत नाही, हे मी जाणून आहे.

आता मुलगी रोज आजोबांना एक शब्द विचारते. अण्णा थांबतात. माझ्या अगदी ओठांवर उत्तर येते, पण मीही थांबते. कधी शब्द येतो, कधी येत नाही. आला नाही तर अण्णा नातीला सांगतात, "आण तो कोश. आपण दोघे मिळून बघू."