एकतीस विरुद्ध दोन

बालमित्रांनो, फुटबॉलमध्ये एक संघ ३१-२ असा हरला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? "काहीतरीच! हा काय क्रिकेटचा स्कोअर आहे?" पण ही थाप नाही बरं का. २००८ साली ब्राझीलमध्ये फुटसालचा विश्वचषक झाला. त्यात रशियानं सॉलोमन बेटांच्या संघाला खरोखरच ३१-२ असं हरवलं. खेळ चाळीस मिनिटांचा. म्हणजे साधारण दर सव्वा मिनिटाला एक गोल!

फुटसाल म्हणजे छोट्या जागेतला फुटबॉल. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात, माँटेव्हिडिओ शहरात, १९३० साली हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकानं तो सुरू केला. बास्केटबॉलच्या कोर्टावर मुलांना फुटबॉल खेळता यावा, ही त्यांची कल्पना. एका संघात गोलकीपर धरून पाचच खेळाडू. चेंडू थोडा लहान आणि कमी उसळणारा. मैदान साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. गवत नको, चिखल नको. सपाट, टणक जमीन पुरते. जागा कमी म्हणून चेंडू पायाशी ठेवायला आणि झटकन पास द्यायला शिकावंच लागतं. पेले, रोनाल्डिन्हो यांच्यासारखे खेळाडू लहानपणी हाच खेळ खेळत.

आणि सॉलोमन बेटं? पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला विखुरलेला, शेकडो बेटांचा हा देश १९७८ मध्ये स्वतंत्र झाला. राजधानी होनियारा. लोकसंख्या सात-आठ लाख. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती! या देशाच्या फुटसाल संघाला लाडानं 'कुरुकुरू' म्हणतात.

हे सगळं मला आठवलं ते माझ्या भाच्यामुळे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या शाळेचा संघ बाहेरगावी जाऊन ९-० असा हरून आला. पोरानं बूट माळ्यावर टाकले आणि म्हणाला, "मामा, आता नाही खेळणार. आपण मनमाडची पोरं. आपल्याकडे लोक येतात ते फक्त गाडी बदलायला."

मी गप्प झालो. कारण मीही इथंच वाढलो. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं ते दिवस मी पाहिलेत. घरात हंडा भरायची मारामार, तिथं मैदानावर हिरवळ राखायला पाणी कोण देणार? आम्ही टणक, धुळीच्या जमिनीवरच खेळलो.

मग मी त्याला ३१-२ ची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग त्यांनी खेळ सोडला असेल!"

नाही सोडला. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, विश्वचषक थायलंडमध्ये झाला. कुरुकुरू तिथंही हजर! २००८ च्या संघातला एलियट रागोमो याही संघात होता. गटात पुन्हा रशिया, पुन्हा मोठा पराभव. पण त्याच स्पर्धेत त्यांनी ग्वाटेमालाला ४-३ असं हरवलं. विश्वचषकातला त्यांचा हा पहिला विजय.

पुढची गोष्ट तर तुमच्याच वयाच्या मुलांची आहे. २०१८ मध्ये अर्जेंटिनात, ब्यूनस आयर्सला युवा ऑलिम्पिक झालं. तिथं मुलांच्या फुटसालमध्ये दहाच संघ होते, आणि त्यांत एक सॉलोमन बेटांचा! ही मुलं २००० ते २००३ मध्ये जन्मलेली. म्हणजे तो ३१-२ चा सामना झाला तेव्हा ती चार ते आठ वर्षांची होती. आपला देश इतक्या गोलांनी हरला, हे ऐकतच ती मोठी झाली, आणि तरी तोच खेळ खेळायला उतरली. सुवर्णपदक ब्राझीलनं जिंकलं. ही मुलं पदकाविना घरी गेली. पण पोचली होती ना!

भाच्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मामा, ते दोन गोल कसे मारले असतील?"

मित्रांनो, हाच प्रश्न मला आवडला. समोरचा संघ गोलांवर गोल करतोय, आणि तरी कुणीतरी चेंडू घेऊन त्याच्या गोलकडे पळतोय. तोही एकदा नव्हे, दोनदा!

आई-बाबांनो, मूल हरून घरी आलं तर 'किती गोल खाल्ले?' एवढंच विचारू नका. त्याच्या दोन गोलांचीही चौकशी करा. आणि मुलांनो, तुमच्या शाळेत बास्केटबॉलचं कोर्ट असेल, नाहीतर सिमेंटचं अंगण असेल. पाच-पाच जण जमवा, दप्तरांचे गोल मांडा. मैदान तयार आहे!