पाण्याची धार आणि आईची कंबर

आमच्या महाड-पोलादपूरकडे कंबरदुखीला कुणी आजार म्हणत नाही. लावणीला वाकून वाकून कंबर धरली की तेल, शेक आणि "होईल बरं". त्यामुळे डावा पाय मांडीपासून पावलापर्यंत सणसणत असूनही आई दीड महिना काही बोलली नाही. मग एमआरआय. मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय.

मुंबईचा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "आत्याला इकडे आण. आता पाण्याने ऑपरेशन करतात, चिरफाड नाही."

पाण्याने? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला, जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं. पाण्याची ताकद आम्हाला कुणी सांगायला नको! तरी कमरेत पाणी म्हटल्यावर वाचत बसले.

गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर शहाळ्याच्या मलईसारखा मऊ. साधारण चार मिलिमीटरची नळी कातडीतून थेट गादीत घालतात. टोकाशी सलाइनची बारीक धार ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि समोरच्याच तोंडात परत शिरते. त्या वेगाने तिथे दाब कमी होतो, भोवतालचा गर ओढला जातो, कापला जातो आणि पाण्याबरोबरच बाहेर पडतो. चिवट कडं सहसा शाबूत राहतं. आतला दाब उतरला की फुगवटा मागे सरतो. भूल बहुतेकदा जागेपुरतीच.

(१९६० च्या दशकात पपईतलं एक द्रव्य टोचून गर विरघळवायचे! तीव्र ॲलर्जीचा धोका होता; अमेरिकेत २००३ मध्ये त्याची विक्री थांबली. परसातल्या पपईकडे मी आता जरा आदराने बघते.)

पण मेख इथेच आहे. कडं शाबूत असेल तरच धारेचा उपयोग. आईच्या गादीचा तुकडा कडं फोडून बाहेर पडलेला, तिथे आतली नळी पोचणार कशी? मुंबईच्या सर्जननी फिल्म बघून हेच सांगितलं, आणि पुढे म्हणाले, असे सुटे तुकडे बरेचदा आपोआप आक्रसतात. पायात ताकद आहे, सहा आठवडे थांबू. मात्र पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी निघायचं.

त्याच दिवशी! पोलादपूरहून मुंबई, पावसात. असो.

मामेभाऊ हिरमुसला. आईचा प्रश्न एकच, "कापणीला उतरता येईल ना?" नाही म्हटल्यावर दोन दिवस अबोला. आता रोज रात्री मी तिला डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला लावते, वरून बोटाने दाबून बघते. ती चिडते, पण उचलते.