माकडांचे दोन कळप

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करायचे आणि उरेल त्याचा वर्ग करायचा. तेवढी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर चढलेलं दिसतंय. तर कळपात माकडं किती?

दहावीला बीजगणित शिकवणारे शिक्षक हे उदाहरण घेतात तेव्हा बराच वेळ नुसत्या मांडणीत जातो, आणि तो जायलाच हवा. एकूण माकडं क्ष मानली, तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. इथे कंसाचा वर्ग करताना मुलं पहिल्या आणि शेवटच्या पदाचा वर्ग लिहून मोकळी होतात, मधलं − ६क्ष/५ गळून जातं. ते जागेवर ठेवून दोन्ही बाजूंना २५ ने गुणलं की उरतं:

क्ष² − ५५क्ष + २५० = ०

तयारीची मुलं लगेच मधलं पद फोडतात. गुणाकार २५०, बेरीज ५५. म्हणजे ५० आणि ५. पण अवयव सहज दिसले नाहीत की हीच मुलं थेट सूत्राकडे धावतात आणि त्यातला ४अक कुठून आला हे विचारतही नाहीत. चांगला शिक्षक तो प्रश्न स्वतःहून उभा करतो. पूर्ण वर्ग पद्धतीने जायचं तर ५५ चं निम्मं, म्हणजे साडेसत्तावीस, आणि त्याचा वर्ग ३०२५/४. अपूर्णांक आला की हात अडखळतो.

श्रीधराचार्यांनी यावर फार देखणी वाट काढली. बीजगणितावरचा त्यांचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत टिकली ती भास्कराचार्यांनी उद्धृत केली म्हणून. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणायचं, मग मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. इथे सहगुणक १, म्हणून चारने गुणायचं:

४क्ष² − २२०क्ष = −१०००

३०२५ मिळवले की डावीकडे (२क्ष − ५५)² आणि उजवीकडे २०२५. वर्गमूळ ±४५. क्ष = ५० किंवा ५. एकही अपूर्णांक नाही! सूत्र पाठ करण्याआधी मुलांनी ही रीत निदान दोन-चार उदाहरणांवर स्वतःच्या हाताने करावी. मग सूत्रातले ४अ आणि २अ आपसूक ओळखीचे होतात.

बहुतेक वह्या इथेच थांबतात. भास्कराचार्य थांबत नाहीत. ५० चा पाचवा भाग १०, तीन वजा केले की ७, वर्ग ४९, अधिक फांदीवरचं एक. जमलं. ५ घेतले तर पाचवा भाग १, आणि त्यातून तीन वजा केले की −२. वर्ग ४, अधिक एक, पाच. समीकरण तक्रार करत नाही, कारण वर्ग करताना ऋण चिन्ह नाहीसं झालं. पण कळपाचा भाग ऋण कसा असेल? ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथात ते ५ हे उत्तर नाकारतात. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तिथेही विद्यार्थी या ५ पाशी घुटमळले असतील.

यावरून वर्ग पटकन एक नियम काढतो: मोठं मूळ घ्यायचं, लहान सोडायचं. तो मोडायला त्याच ग्रंथात दुसरा कळप तयार आहे. आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतोय आणि उरलेली १२ माकडं टेकडीवर आहेत. क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०; मुळे ४८ आणि १६.

“सर, मग यातलं कोणतं लिहायचं?”

दोन्ही. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही ताळे वहीत मुळांच्या खाली लिहायचे, आणि मगच पुढचं उदाहरण घ्यायचं.