वाद करावा, वितंडा करू नये

परधर्माविषयी चर्चाच करू नये, असे सांगणारे सज्जन आमच्या कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू शांततेचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु चर्चा टाळल्याने शांतता राहतेच असे नाही. 7 जून 2023 रोजी समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराच्या निषेधार्थ येथे बंद पुकारला गेला, जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर वापरला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी, 14 जुलै 2024 रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी पायथ्याच्या गजापूर येथे मुसलमानांची घरे व मशीद यांची नासधूस झाली. ज्या विषयावर विचाराने बोलले जात नाही, त्यावर बोलण्यास अविचार सदैव तयार असतो. तेव्हा बोलावे की नाही हा प्रश्न नसून कसे बोलावे हा आहे.

संस्कृत शिकविण्यात आमचा जन्म गेला. त्यामुळे अशा वेळी न्यायशास्त्रातील एक भेद आम्हांस आठवतो. त्या शास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्याच्या इच्छेने, प्रमाण व तर्क यांस धरून जी चालते तिचे नाव वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही जी चालते तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन तेवढे करणे म्हणजे वितंडा. इस्लामविषयी आज घरोघर जे चालते, त्यात वाद किती आणि वितंडा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

वादाची पहिली अट अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या शब्दांत समजून घ्यावे. 'पैगंबर' हाच शब्द घ्या. हा शब्द फारसी असून पैगाम, म्हणजे निरोप, वाहून आणणारा असा त्याचा अर्थ आहे; त्यातील 'बर' हा अंश आपल्या 'भृ' धातूचा सगोत्र होय. मुसलमान ज्यांस पैगंबर मानतात ते अवतार नव्हेत, ईश्वरांशही नव्हेत. ते ईश्वराचा निरोप आणणारे मनुष्य, आणि मुहंमद हे त्यांतील अखेरचे. आपल्याकडे कृष्णाच्या लीला या लीला म्हणून बाजूस ठेवता येतात. परंतु मनुष्य असलेल्या प्रेषिताचे आचरण हा अनुयायांस वर्तनाचा आदर्श असतो. म्हणून त्यांच्या चरित्राची चर्चा केवळ इतिहासाची राहत नाही, आज कसे वागावे याची होऊन बसते. हा विषय इतका हळवा का, याचे कारण आमच्या मते येथेच आहे.

हिंसेच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहावे. इ. स. 610 च्या सुमारास मुहंमदांनी उपदेशास आरंभ केला. मक्केतील छळ त्यांनी सुमारे बारा वर्षे शस्त्रावाचून सोसला आणि 622 साली ते मदिनेस गेले. तेथे ते उपदेशकाबरोबर राज्यकर्तेही झाले आणि 624 साली बद्रची लढाई झाली. 627 साली बनू कुरैझा या यहुदी टोळीतील पुरुषांचा वध झाला, हे मुसलमान चरित्रकारांनीच लिहून ठेविले आहे. 630 साली मक्का हाती आल्यावर बहुतेक शत्रूंना क्षमा करण्यात आली, हेही त्यांनीच लिहिले आहे. यांतील एक घटना सांगून दुसरी लपविणारा मनुष्य जल्प करतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. कुराणात धर्मातील सक्ती नाकारणारे वचन आहे, तशा युद्धाच्या आज्ञाही आहेत. त्यांतील प्रसंगापुरत्या कोणत्या आणि सार्वकालिक कोणत्या, याविषयी त्यांच्याच पंडितांत शतकानुशतके मतभेद आहेत. यात आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. आपली गीता तर रणांगणावरच सांगितली गेली. टिळकांनी तिच्यात कर्मयोग पाहिला आणि गांधीजींनी अहिंसा पाहिली.

स्त्रियांचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. सातव्या शतकात कुराणाने मुलीस वारशाचा हक्क दिला, मुलाच्या निम्मा का होईना. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः मुलासारखा हिस्सा मिळावयास महाराष्ट्रात 1994 साल उजाडावे लागले आणि साऱ्या देशात 2005. तथापि सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी जे पुढचे पाऊल होते, तेथेच आज थांबणे म्हणजे मागे राहणे होय, हेही तितकेच खरे. बहुपत्नीत्व आणि एका दमात उच्चारलेला तलाक यांनी किती संसार मोडले असतील!

एके दिवशी आमच्या घरी हाच विषय रंगला होता. चिरंजीव आणि पुतणे हिरिरीने बोलत होते. पान वाढता वाढता धाकट्या सूनबाई एवढेच म्हणाल्या, "बाबा, हे सगळं त्यांच्या बायकांविषयी चाललंय. पण त्या बायका स्वतः काय म्हणतात, ते यांच्यापैकी कोणी ऐकलंय का?" पंक्तीत कोणासच उत्तर देता आले नाही. ते उत्तर आम्ही येथे देत आहो.

त्या स्त्रिया बोलल्या आहेत, आणि मराठीत बोलल्या आहेत. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांनी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यामागे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई होते. सातच स्त्रिया! परंतु त्या साती जणींस परत आपल्याच मोहल्ल्यात राहावयाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संख्येचे मोल कळते. दलवाईंनी 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. कुराण असो वा पैगंबरांचे चरित्र असो, बुद्धीच्या कसोटीतून काहीच सुटू नये, असे ते उघड म्हणत. त्याबद्दल स्वकीयांचा रोष त्यांनी जन्मभर पत्करला आणि 3 मे 1977 रोजी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

हे कार्य आमच्या कोल्हापुरातही झाले. 1980 नंतरच्या काळात मुसलमान स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये असा दंडक येथे काही पुढाऱ्यांनी घातला, तेव्हा हुसेन जमादार आदी कार्यकर्त्यांनी त्यास उघड विरोध केला. 1985 साली मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा निघाला, तो कोल्हापुराहून नागपुरास. त्याच वर्षी 23 एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो या वृद्धेस पोटगी मिळण्याचा हक्क मान्य केला होता. 1986 च्या कायद्याने तो निर्णय पालटण्याचा यत्न झाला. पुढे 22 ऑगस्ट 2017 रोजी त्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातील तलाक रद्द ठरविला. या निकालामागे मुसलमान स्त्रियांनीच केलेले अर्ज होते.

आता आपल्या घराकडे वळू. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाचा वाद झाला आणि निर्णय पुनर्विवाहाविरुद्ध गेला. आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढणारे लोक कोणत्या जातीचे होते, हे सांगावयास नको. वेदोक्त प्रकरणात खुद्द शाहू छत्रपतींस वेदमंत्रांचा अधिकार नाकारणारे आमच्याच शहरातील आमचेच ज्ञातिबांधव होते. त्याच महाराजांनी 1906 साली येथे मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व वसतिगृहाची सोय केली आणि 1917 साली विधवाविवाहाचा कायदा केला. आणि हा इतिहास संपला असेही कोणी समजू नये. पती निवर्तल्यावर बांगड्या फोडणे व कुंकू पुसणे बंद करावे, असा ठराव आमच्याच जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीस 2022 साली करावा लागला. अशा प्रत्येक वेळी धर्मग्रंथ पुढे करणारे आपलेच होते आणि त्यांस उत्तर देणारेही आपलेच होते. बाहेरच्यांच्या कुचेष्टेने आपला समाज सुधारला नाही; घरातल्यांच्या धैर्याने सुधारला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, इस्लामची चिकित्सा अवश्य करावी. प्रेषितत्व, हिंसा, स्त्रियांचे स्थान यांपैकी कोणताही विषय वर्ज्य मानू नये. परंतु ती चिकित्सा मूळ ग्रंथ वाचून करावी, आपल्या ग्रंथांसही तीच कसोटी लावून करावी, आणि त्या समाजातील जो पुरुष वा जी स्त्री हेच प्रश्न विचारीत आहे तिचे बळ वाढेल अशा रीतीने करावी. आपण मुसलमानांची टवाळी केली की त्यांतील सनातन्यास आयते सांगता येते, "पाहा, सुधारणा मागणारे शत्रूची भाषा बोलत आहेत." दलवाईंचे इस्लामवरील कठोर लेखन आवडीने वाचणाऱ्या हिंदूंनी हेही विसरू नये की, हिंदू जातीयवादावरही त्यांनी तितकीच कठोर टीका केली. एक अर्धे घेऊन दुसरे टाकणे हाही जल्पच होय.

सूनबाईंच्या प्रश्नानंतर आमच्या घरी दलवाईंची पुस्तके आली आणि कुराणाचे मराठी भाषांतरही आले. तरुण मंडळी ती वाचीत आहेत. त्यांची मते काय होतील, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ती वाचून बनविलेली असतील, एवढे आम्हांस पुरे आहे.