चिखलातली पोरं

मुक्ताईनगरच्या बाजारात टोपलीत वळवळणारी वाम बघून एक मुलगी आईच्या मागे दडली. वाम आहेच तशी, लांबट आणि सापासारखी. मला मात्र तिच्याकडे बघताना लॅम्प्री नावाचा मासा आठवला, आणि मग बाजारात लक्ष लागेना.

लॅम्प्री आपल्या तापी-पूर्णेत नाही, भारतातच नाही. त्याला थंड मुलखातल्या नद्या लागतात. अंगलटीने तो वामीचा भाऊ वाटेल, पण नातं फार लांबचं. त्याला जबडा नाही, खवले नाहीत, अंगात एकही हाड नाही; सांगाडा सगळा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा. डोक्यावर एकच नाकपुडी. तोंड म्हणजे गोल चकती आणि तिच्यात कड्याकड्यांनी बसलेले टोकदार दात. समुद्री लॅम्प्री मोठ्या माशाला या तोंडाने चिकटतो, दातेरी जिभेने कातडी खरवडतो आणि रक्त पितो. ते गोठू नये याची सोय त्याच्या लाळेतच असते.

पुस्तकांत चित्र छापतात ते या तोंडाचंच. मला हा अन्याय वाटतो. लॅम्प्रीच्या कितीतरी जाती उभ्या जन्मात रक्ताला तोंड लावत नाहीत.

शिवाय वय बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या दगडात लॅम्प्रीचा जीवाश्म सापडला, २००६ साली त्याची माहिती जगापुढे आली. तो सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर तेव्हा जन्मायचे होते. गोल तोंड मात्र तयार होतं.

एवढं वय म्हटलं की आमच्याकडे चांगदेवच आठवणार. मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णा मिळतात तिथे त्यांचं जुनं दगडी देऊळ आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. लहानपणी आजीचा हात धरून मी तिथे जायचो. देवळापेक्षा ओढ संगमाच्या गाळाची. पाय रुतवून उभं राहायचं, बोटांमधून गार चिखल वर येऊ द्यायचा. आजी काठावर बसून गोष्ट सांगायची. चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षं आयुष्य वाढवलं. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने धाकटे, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर वयाने लेकरू. शेवटी कोराच कागद धाडला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहिल्या, आणि चांगदेवांनी गुरू केलं ते चिमुरड्या मुक्ताईला. आजी इथे थांबायची आणि माझ्याकडे बघायची. चौदाशे वर्षांचा म्हातारा एका पोरीसमोर हात जोडून बसलेला मला त्या पाण्याकाठी अगदी स्पष्ट दिसायचा.

लॅम्प्रीची पोरं अशाच गाळात वाढतात. अंड्यातून निघालं की पिल्लू प्रवाहाबरोबर वाहत जातं आणि मऊ गाळ दिसला की त्यात शिरतं. डोळे कातडीखाली झाकलेले, दात नाहीत. पाण्यातून येणारे शेवाळाचे, कुजलेल्या पानांचे बारीक कण गाळून खायचे, एवढाच उद्योग. समुद्री लॅम्प्रीची तीन ते सात वर्षं अशी जातात. मग काही महिन्यांत डोळे उघडतात, दात येतात आणि तो समुद्राकडे निघतो. तिथे रक्तावर जगायचं ते वर्ष-दोन वर्षं. काही जातींचे मोठे झालेले लॅम्प्री पुढे काहीच खात नाहीत; अंडी घालतात आणि मरतात.

अंडी घालायला समुद्री लॅम्प्री पुन्हा नदीत चढतो, पण आपल्या जन्माची नदी शोधत नाही. गाळातली पिल्लं पाण्यात जी पित्तद्रव्यं सोडतात, त्यांच्या वासामागे तो जातो. ज्या नदीत कुणाची का होईना, पोरं वाढताहेत, ती नदी चांगली. मग नर-मादी त्याच बदनाम तोंडाने एकेक दगड उचलून बाजूला करतात, वाळूत खळगा करतात, अंडी घालतात आणि थोड्याच दिवसांत दोघंही मरतात. पिल्लांची आणि त्यांची भेट होत नाही.

मुलांनो, कधी भोईकाकांच्या जाळ्यात वाम दिसली तर दडू नका. तिच्या पाठीवरच्या काट्यांपासून जपा आणि डोक्यामागे कल्ल्याची फट शोधा. प्रत्येक बाजूला एकच असेल. लॅम्प्रीला सात-सात भोकं असतात.