अधिक-उणे

काणकोणास राहणाऱ्या आमच्या मावशीने आमच्याजवळ आजवर फारसे काही मागितले नाही. गेल्या वर्षी मात्र तिने एक मागणे मागितले. २००४ सालच्या चवथीला आजोळी मामांनी कॅमेऱ्याने एक चित्रफीत घेतली होती. घरातल्या आजारपणामुळे मावशीला त्या वर्षी माहेरी येता आले नाही, आणि पुढची चवथ पाहावयास आजी राहिली नाही. त्या फितीत आजी माटोळीखाली उभी राहून एकेका फळाचे नाव सांगत आहे. ‘म्हाका एक फावट दाखय,’ एवढेच मावशीचे म्हणणे.

मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर तिला आता दिसत नाही. घरी दूरदर्शन संच आहे आणि त्याला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेयर आहे. तेव्हा चकती करून नेणे हाच मार्ग होता. वास्तविक त्याच वर्षी एका दुकानातून करून घेतलेली एक चकती आमच्या कपाटात होती. परंतु काढून पाहतो तो ती वाचावयास यंत्र तयार होईना. सुदैवाने मामांनी मूळ कॅसेट पत्र्याच्या घट्ट डब्यात जपली होती. एका परिचित छायाचित्रकाराने ती आम्हांला संगणकात उतरवून दिली.

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. खडू आणि फळा यांपलीकडच्या यंत्रसामग्रीशी आमचा परिचय बेताचाच. कोऱ्या चकत्या घ्यावयास गेलो, तो दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले: एकीवर ‘डीव्हीडी-आर’, दुसरीवर ‘डीव्हीडी+आर’. उणे म्हणजे काहीतरी कमी असणार, या शाळकरी न्यायाने आम्ही अधिकाची उचलली! पुढे कळले, की पहिलीतील ती आडवी रेघ वजाबाकीची नव्हेच. ती नुसती जोडरेघ. तो प्रकार १९९७ साली आला, आणि २००२ साली कंपन्यांच्या दुसऱ्या एका गटाने आपला निराळा प्रकार काढून त्यास ‘अधिक’ हे चिन्ह दिले. दोहोंत मावते सारखेच, सुमारे ४.७ गीगाबाइट. भेद आहे तो लिहिण्याच्या रीतीत. आणि जुन्या प्लेयरांपैकी काहींना पहिलीच रीत तेवढी ओळखता येते.

आमची पहिली चूक याहून बाळबोध होती. संगणकातली फाईल आम्ही जशीच्या तशी चकतीवर उतरवली आणि फोंड्याहून बसने काणकोण गाठले. मावशीच्या प्लेयरने चकती दोनदा फिरवून बाहेर ढकलली. त्या यंत्राला नुसती फाईल उमगत नाही. चित्रे ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ या ठराविक पद्धतीत रचून द्यावी लागतात. चांगल्या दर्जाचे चित्रण मग एका चकतीवर एक ते दोन तास मावते.

दुसऱ्या खेपेस रचना बिनचूक केली. पण पुढेमागे आणखी काही भरू, या लोभाने चकती मोकळीच ठेवली. लिहिणे संपले, असा शेवटचा शिक्का मारल्यावाचून, म्हणजे ‘फायनलाइझ’ केल्यावाचून, ती दुसरीकडे चालेलच असे नाही. आमच्या संगणकावर ती सुरळीत चालली, मावशीकडे नाही. ‘आसूं दी, पुता,’ ती म्हणाली. परतीच्या बसमध्ये ते शब्द आम्हांला फार टोचले.

तेव्हा कोठे आम्ही नीट शिकावयास बसलो. कोऱ्या चकतीत दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये रंगद्रव्याचा थर असतो. लेसर किरणाच्या उष्णतेने त्यावर सूक्ष्म खुणा उमटतात. म्हणूनच या लिहिण्याला इंग्रजीत ‘जाळणे’ म्हणतात. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी तो थर पुढे बिघडत जातो. कपाटातली आमची चकती का मुकी झाली असेल, हे तेव्हा उमगले. ‘आरडब्ल्यू’ चकती पुसून सुमारे हजार वेळा लिहिता येते, म्हणून ती सरावास उत्तम. परंतु ती प्रकाश कमी परतवते, त्यामुळे जुन्या यंत्रांस वाचणे जड जाते.

विद्यार्थी मित्रहो, घरची चित्रे जपावयाची तर एका चकतीवर विसंबू नका. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, काही वर्षांनी नवी प्रत काढा, आणि चकतीवर नाव लिहिताना टोकदार बॉलपेन टाळा.

तिसऱ्या खेपेस आम्ही ‘-आर’ चकती घेतली, मंद वेगाने लिहिली, शिक्का मारला. मावशीच्या पडद्यावर आजी आली. आंबाडे, तोरिंगां, फागलां, कांगलां... एकेका फळाला हात लावीत ती नावे सांगू लागली. मावशी पापणी न हलवता पाहत होती. फीत संपली तशी ती हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘आवय घागऱ्यो सांगपाक विसरली!’

त्या खुळखुळणाऱ्या शेंगांचे नाव आमच्यापैकी कोणालाच आठवले नव्हते. ते चकतीत नाही. म्हणून आम्ही तिच्या वेष्टनावर मावशीकडूनच लिहून घेतले.